आमच्या महिला मंडळाचा परराष्ट्र ठराव

माझा धाकटा भाऊ मुंबईत प्रसिद्धीचं काम करायचा. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती लोकांना "तो छापखान्यात असतो" असं सांगून मोकळी व्हायची. साबण, केसांचं तेल, मध्यंतरी एक खत, अशा गिऱ्हाइकांबद्दल पेपरात चार बरे शब्द छापून आणायचे, हा त्याचा धंदा. रविवारी तो भिसेगावला आमच्याकडे जेवायला यायचा आणि मी विचारायचे, सध्या कोण? एका रविवारी तो म्हणाला, "सध्या एक देश आहे."

मी वरण वाढत होते. म्हटलं, "अख्खा?"

"अख्खा, ताई. सरकारसकट."

त्या देशाचं नाव मी इथे घालत नाही. घातलं तर भाऊ म्हणेल, तेवढीच प्रसिद्धी. समुद्रापलीकडचा देश, एका घराण्याचं राज्य, गुळगुळीत रस्ते. आणि घराण्याविरुद्ध कोणी बोललं तर तो माणूस सकाळी घरात नसायचा. पेपरात अधूनमधून यायचं हे. ते येऊ नये, आलंच तर शेजारी नव्या दवाखान्याचा फोटोही यावा, याबद्दल माझ्या भावाला पैसे मिळत.

मी हे ऐकून नुसती मान हलवली असती. देश लांबचा, आणि मला कर्जत स्टेशनच्या पलीकडचं जग तसं अंधुकच दिसतं. पण आम्हाला वर्षाचा तांदूळ देणारे दहिवलीचे एक शेतकरी होते, त्यांना आमच्या घरात सगळे काका म्हणत. त्यांचा मुलगा कुंभिवलीकडच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकला आणि जास्त पगार म्हणून नेमका त्याच देशात गेला. तिथे पगार थकला तेव्हा कामगारांनी काम थांबवलं. पोलीस आले आणि सगळ्यांना घेऊन गेले. खटला नाही, भेट नाही. सुटून आलेल्या एकाने एवढंच सांगितलं की पोरगा आत आहे.

काका आमच्या पडवीत येऊन बसले. "वैनी, तुमचा भाव त्या लोकांत उठतो-बसतो ना? त्याला येवडं इचारा, पोरगा जिता हाय का नाय. दुसरं काय नको."

मी पुढच्या रविवारी विचारलं. भावाने भाताला आळं केलं, मोडलं, पुन्हा केलं. "ताई, हे मी तिथे काढलं तर काम जाईल."

"मग जाऊ दे."

"तू वकिलाला असं म्हणतेस का? खुन्याचीही बाजू कोणीतरी मांडतंच ना?"

माझं असंच आहे, रविवारच्या प्रश्नाला मला बुधवारी उत्तर सुचतं. त्या बुधवारी तांदूळ निवडताना एकदम सुचलं, की वकिलासमोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश बसलेला असतो. तुझ्यासमोर कोण असतं? सूप बाजूला ठेवून मी ते भिंतीला दोनदा म्हणून दाखवलं. रविवारी ऐटीत भावाला ऐकवलं. तो म्हणाला, "आमटी छान झालीय."

चीड याची होती की तो दगड नव्हता. आणीबाणीत त्याच्या कॉलेजातल्या मित्राला असंच चौकशीशिवाय उचललं होतं, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात हा ताट सरकवून उठला होता. त्याला दोनच वर्षं झाली होती.

मग त्याने एक योजना काढली. दिल्लीतल्या लोकांना दाखवायचं होतं की भारतातल्या साध्यासुध्या माणसांना हा देश आवडतो. कसं दाखवायचं? ठरावाने! आपल्याकडे पूल झाला तरी ठराव, माणूस गेला तरी ठराव. एक सूचक, एक अनुमोदक, हात वर, टाळ्या. विरोधात वर गेलेला हात मी तरी तोवर पाहिलेला नव्हता. तेव्हा त्या देशाचा अधिकारी कर्जतला येणार, आमचं महिला मंडळ आणि ग्रामस्थ त्याला शाल-नारळ देणार, मैत्रीचा ठराव करणार, आणि तो देश मंडळाला दोन शिलाई मशीन देणार.

मी मंडळाची चिटणीस. बैठकीत मी विरोध केला. काकांच्या पोराचं सांगितलं. बायका हळहळल्या, अगदी मनापासून.

"पण चिटणीसबाई," अध्यक्षबाई म्हणाल्या, "शिवणवर्ग कशावर चालवायचा? तुमच्या तत्त्वांवर?"

"आणि भाव कोणाचा गं?" मागून एक आवाज आला. "आमचा का तुमचा?"

विरोधात एक हात. तो वर करून मी बसले आणि मग इतिवृत्तही मलाच लिहायचं होतं.

काकांच्या कानावर हे गेलं आणि ते स्वतःच भावाला भेटायला आले. म्हणाले, अनुमोदन मी देतो, हारही मीच घालतो. भाऊ खूश झाला. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या मिशा आणि फेटा फोटोत फार छान येणार होता. मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, कशासाठी?"

"वैनी, आपून त्यांचं चांगलं बोललं तर ते आपलं बोलनं आयकतील. नायतर मी कोन?"



शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. अधिकारी सुटात घामाघूम, माणूस सभ्य वाटला, याचाही मला राग आला. भाऊ शेजारी उभा राहून इंग्रजीत सांगत होता. काकांनी हार घातला, हात जोडले आणि म्हणाले, "ठरावाला माजं अनुमोदन हाय. सायेब, माजा पोरगा तुमच्या तुरुंगात हाय. त्यानं चोरी नाय केली, स्वताचा पगार मागला. त्याला धाडून द्या, आमी तुमचं नाव काडू."

भावाने घसा खाकरला आणि इंग्रजीत सांगितलं की या शेतकऱ्याचा मुलगा तुमच्या देशात काम करतो आणि त्याबद्दल हे गृहस्थ आभारी आहेत.

माझं इंग्रजी मॅट्रिकचं, पण एवढं कळलं. मी उठले. जी वाक्यं रात्रभर घोकली असती तर बरं झालं असतं ती त्या क्षणी जुळवायची होती. कसंबसं म्हटलं, की नाही, यांचा मुलगा तुमच्या जेलमध्ये आहे, कोर्टाशिवाय आहे. अधिकाऱ्याला नीट कळलं. हसू जराही न हलवता तो म्हणाला, मॅडम, आमच्या देशात कायदा सर्वांना सारखा आहे. साहेब चिटणीसबाईंशी इंग्रजीत बोलले एवढंच लोकांना दिसलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या संपायच्या आत ठराव एकमताने मंजूर झाला.

बाहेर काकांनी भावाला विचारलं, "सायेब काय बोलले?"

"लक्ष घालतो म्हणाले," भाऊ म्हणाला.

मी तिथेच म्हटलं, "काका, खोटं आहे. तुमचं बोलणं यानं त्यांना सांगितलंच नाही." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू भर लग्नात मी काहीतरी अभद्र बोलले.

वर्षभराने त्या घराण्यात लग्न निघालं आणि त्या आनंदात काही कैदी सोडले. पोरगा परत आला. काका त्याला घेऊन आमच्याकडे आले, बरोबर नव्या तांदळाचं पोतं. "ह्ये भावसायबाला. त्यांनी शबुद पाळला."

मी पुन्हा सगळं सांगितलं, लग्नाचंही. "वैनी," काका म्हणाले, "सख्ख्या भावाबद्दल असं नाय बोलू."

पोरगा मागे उभा होता, हडकुळा, सदरा खांद्यावरून ओघळलेला. तो हळूच म्हणाला, "बाबा, माज्याबरोबरचे अजून आतच हायत. त्यांच्या बापांनी कुटं जाऊन हार घालायचा?"

काका पोतं मात्र पडवीत ठेवूनच गेले.

रविवारी पोराचं ते वाक्य मी भावाला जसंच्या तसं सांगितलं. तो जेवायचा थांबला. विचारात पडला, खरोखरच पडला. तेलाला चांगला शब्द सापडत नसला की त्याचा चेहरा तसाच व्हायचा. मग त्याने विचारलं, "कुठल्या गावचे आहेत ते? तिथे महिला मंडळ आहे का?"

तो थट्टा करत नव्हता.

"भात वाढ ना थोडा," तो म्हणाला. "तांदूळ मस्त आहे यंदाचा."

"संपला," मी म्हटलं. अर्धं भरलेलं पातेलं दोघांच्या मधोमध होतं.