एकाच नावाचे दोघे

"बापाचं नाव सांग!" टेबलावर पंजा आपटून ती विचारायची. समोरचा गडी दचकायचा.

"बापाचं कशाला मॅडम? कामाला तर मी येणार."

"तुझ्या गंजाड गावात तुझ्या नावाचे चार आहेत. तुला काही झालं तर कुणाच्या दारात जाऊ?"

तळासरीच्या आमच्या रबराच्या कारखान्यात ती एचआर होती. मोठ्या कंपन्यांत म्हणे एचआरवाल्यांची अख्खी फौज असते. आमच्याकडे ही एकटी. भरती तिची, रजा तिच्या, पीएफचे फॉर्म तिचे, आणि कॅन्टीनच्या डाळीत अळी निघाली तरी शिव्या तिलाच. मी गेटवरचा वॉचमन. माझं डोकं तापट आणि हात त्याहून तापट. दिवसातून तीनदा तरी ती मला सांगायची, "काका, काठी खाली."

एकदा कॅन्टीनमध्ये दोघे जण गुजरातीत आणि मराठीत एकमेकांची आई-बहीण काढत सळया घेऊन भिडले. मी पोचेपर्यंत ही मधे. एक सळई सण्णकन तिच्या कोपरावर बसली. कळ गिळून ती म्हणाली, "झालं समाधान? आता दोघांनी सही करा, आम्ही मॅडमला मारलं म्हणून." दोघांची तोंडं पाहण्यासारखी झाली. संध्याकाळी त्यातलाच एक आंबेहळद उगाळून घेऊन आला. अशी बाई तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल.

आमच्याकडे गंजाडचे दोन रमेश होते. एक सकाळपाळीला, एक दुपारपाळीला. नाव एकच, त्यामुळे अडचण आली की एकमेकांच्या कार्डावर पाळी करायचे. मॅडमला हे चालायचं नाही, मला चालायचं. एके दिवशी सकाळपाळीचा रमेश घरी "कामाला जातो" सांगून नरपडला ताडी प्यायला गेला आणि त्याचं कार्ड घेऊन दुपारपाळीचा आला. चेहरा पाहून मी हसलो. म्हटलं, "जा, मर जा आत."

अकराच्या सुमाराला किंकाळी आली. रबर मळायचे दोन रोलर असतात, त्यात त्याचा हात गेला, मग खांदा, मग डोकं. रोलर थांबवायला वर एक दोरी असते. ती मॅनेजरने उंच बांधून टाकायला लावली होती, कारण चुकून ओढली जाते आणि माल अडतो. चेहरा ओळखायला उरलाच नव्हता. रक्तात हात घालून मॅडमने त्याच्या खिशातून कार्ड काढलं आणि बापाचं नाव वाचलं. मग माझ्याकडे वळली.

"काका, आत कोण गेलं होतं? हाच ना?"

"कार्डावर आहे तोच," मी म्हणालो. नोकरी जाईल म्हणून म्हणालो, दुसरं काही नाही.

पोलिसांचं आटोपल्यावर ती मला घेऊन गंजाडला निघाली. मॅनेजर म्हणाला, फोन कर. ती म्हणाली, "असलं फोनवर सांगतात का?" वाटेत सांगून टाकू, असं मी मनाशी घोकत होतो. आशागड मागे पडलं तरी जीभ उचलेना.

कार्डावरच्या रमेशची बायको अंगणात होती. मॅडमने तिचे हात धरून सांगितलं. बाईने असा हंबरडा फोडला की सगळा पाडा धावून आला. दाराच्या चौकटीवर तिने हात आपटले, बांगड्या फुटल्या, काचा मनगटात घुसल्या. तेवढ्यात रोजच्या वेळेला, हातात डबा घेऊन, झुलत झुलत तिचा नवरा आला.

ती नवऱ्याकडे गेलीच नाही. तिने मॅडमचे केस धरले आणि रक्ताळलेल्या हातांनी थोबाडीत मारत सुटली. "जित्या माणसाला मारलंस! माझं कुंकू पुसलंस!" बाकीचे लाथा घालू लागले. मी काठी उगारली.

"काका, काठी खाली!" जमिनीवरून ती ओरडली. ओठ फाटला होता.

रमेशची ताडी खाडकन उतरली. "मारू नका तिला! माझं कार्ड दुसऱ्या रमेशकडे होतं," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. मॅडमने माझ्याकडे पाहिलं. उठली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्याचं घर दाखवा."

पलीकडच्या पाड्यावर त्याची म्हातारी आई होती. मॅडमचं सुजलेलं तोंड पाहून तिने आधी पाणी आणलं. "बाय, कोणी मारलं गं तुला?" तिने विचारलं, आणि स्वतःच्या लुगड्याने तिचा ओठ टिपू लागली. मग मॅडमने सांगितलं. ते मी इथे सांगत नाही, माझ्याच्याने होत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने फर्मावलं, "लिही, त्याची पाळी नव्हती. चोरून घुसला, स्वतःच्या चुकीने मेला." तसं लिहिलं असतं तर भरपाई सोडाच, म्हातारीला कंपनीने दारात उभं केलं नसतं. मॅडमने लिहिलं: आमचा कामगार, आमच्या कामावर मेला, दोरी वर बांधलेली होती. मॅनेजरने कागद फाडून तिच्या तोंडावर फेकला. तिने दुसरा घेतला.

"मग तो गेटातून आत आला कसा? तेही लिही!" मॅनेजर गरजला. मी दारातच उभा होतो.

तिने मान वर केली नाही. लिहिलं: ओळख तपासण्याची जबाबदारी माझी होती, ती माझ्याकडून राहिली. आणि कागद थेट सरकारी निरीक्षकाकडे पाठवला.

म्हातारीचा हक्क कंपनीला मान्य करावा लागला. मॅडमला त्याच आठवड्यात काढलं, तिच्याच कबुलीवर.

शेवटच्या दिवशी ती स्कूटर घेऊन गेटाशी थांबली. गालावरचा वळ अजून निळा होता. "येते काका," ती म्हणाली. ह्या गेटावर मी भल्याभल्यांच्या गचांड्या धरल्या आहेत. "मी सोडलं होतं त्याला," एवढंच बोलायचं होतं, पण शेजारच्या ऑफिसात मॅनेजर बसला होता, ऐकू गेलं असतं. मी गेट उघडलं. ती हायवेला लागली, दिसेनाशी झाली, आणि मी गेट लावून घेतलं.