मागच्या दाराचा पेशंट

हसणार नसाल तर सांगतो, माझं जमत आलेलं लग्न कुणी मोडलं. बघा, आत्ताच हसायला लागलात!

मी शहाद्यात एका दवाखान्यात कंपाउंडर. नववीत शाळा सुटली. लाजरा तर असा, की हॉटेलात साखर कमी सांगायची म्हटलं तरी घसा कोरडा पडतो. पण कामावर कुठून आवाज यायचा कोण जाणे! "मूळव्याधवाले आबा, चला आत!" असं ओरडलो की अख्खा बाक आबांकडं वळायचा. बिचाऱ्या आबांना आधीच बसवत नव्हतं, आता उठवेना!

दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावून झापलं. "पेशंटला काय झालंय ही त्याची खाजगी गोष्ट. त्याच्या परवानगीशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. तो इथं येतो की नाही, हेसुद्धा सांगायचं नाही. कधीतरी माणूस पाठवून तुझी परीक्षा घेईन हं!"

मी फार मनावर घेतलं. इतकं, की युक्तीच काढली. दवाखान्याला मागच्या गल्लीत एक दार होतं. ज्याला लाज वाटते, त्यानं तिथून यावं! मॅडम खूश, मी खूश.

आता त्या दारासमोर चहाची टपरी आहे, एवढं मला दिसू नये? आठवडाभरात तिथं बसायला जागा मिळेना! पुढून गेला तो सर्दी-खोकला, मागून गेला तो 'तसला', असा टपरीनं निकाल लावून टाकला. एका गुरुजींनी सावली बघून गल्लीत गाडी लावली आणि मागूनच आत शिरले. आले होते कानातला मळ काढायला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या बायकोला माहेरून फोन!

आणि त्या दारानं रोज सकाळी, मान खाली घालून, तोंडाला रुमाल बांधून कोण शिरायचं? मीच! पुढच्या बाकावर एवढी माणसं बसलेली असायची, त्यांच्यासमोरून जायची मला लाज वाटायची ना!

त्याच दिवसांत अक्कलकुव्याचं स्थळ आलं. मुलीनं मला विचारलं, "चहा गोड झाला का?" मी मान हलवली. उभी की आडवी, आठवत नाही. तरी ती हसली. खरं सांगतो, त्या हसण्यावर मी महिनाभर जगलो.

होकार यायचा तेवढा बाकी होता. पण होकाराआधी चौकशी! आणि आपल्याकडं चौकशी मुलाच्या घरी करतात का? मुलगा कामाला असतो तिथल्या टपरीवर करतात.

एक दिवस काउंटरवर एक गृहस्थ आले. माझ्या तोंडावर मास्क. ते वाकून हळूच म्हणाले,

"भाऊ, तुम्हना आठे तो मोहन कामाले शे ना? रोज तोंड बांधीसन मांगला दारतून जास. त्याले काय व्हयेल शे?"

मोहन म्हणजे मीच की हो! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मॅडमची परीक्षा! आणि प्रश्न तरी किती अवघड काढलाय, थेट माझ्याबद्दलच!

"काका, पेशंटच्या परवानगीशिवाय आम्ही काही सांगत नाही."

"म्हणजे पेशंट शे तर!"

"ते बी सांगता येत नाही."

"निदान बरा तर व्हई ना?"

"सांगता येत नाही."

"दुसराले लागस का?"

"काका, त्याबद्दल तर अजिबातच नाही!"

गृहस्थांनी वर बघून हात जोडले. "देव त्याले बरा करो."

मी म्हणालो, "आभारी आहे."

मग छाती काढून मॅडमकडं गेलो. "मॅडम, तुमचा माणूस हरला!"

"कुठला माणूस? मी कुणालाच पाठवलं नाही."

तेवढ्यात बाबांचा फोन. गृहस्थ मुलीचे मामा निघाले.

"काय रे, तुले कोनता रोग शे? घरमां काबर सांगं नहीं? नकार उना ना!"

माझा चेहरा बघून मॅडमनी मामांचा नंबर मागितला. फोन लावण्याआधी मला विचारलं, "तुझी परवानगी आहे ना?" मी मान हलवली. या वेळी उभीच!

"मोहन ठणठणीत आहे," मॅडमनी मामांना सांगितलं. "त्याला काहीही झालेलं नाही."

"मॅडम, हाई तुम्ही त्याले इचारीसन सांगी ऱ्हायनात का?"

"हो, त्याच्या परवानगीनंच."

"तुम्हना काउंटरवरला पोऱ्या लई हुशार शे. तो बोलना, परवानगी लागस ती पेशंटनी. राम राम!"

फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दाराला खिळे ठोकत होतो. चौकशीच्या नादात टपरीवाल्याला आता माझं नावही पाठ झालं होतं. तो तिथूनच ओरडला, "काय मोहनभाऊ, बरा व्हयना का?"

सगळ्या टपरीनं कप खाली ठेवले. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की अहो, मला काही झालंच नव्हतं. पण एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर घसा कोरडा पडला, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"सांगता येत नाही!"