केसरीनाथची फोर-व्हील

माझं गॅरेज भिवंडीत, लूमच्या खडखडाटात. जीपवाले खूप यायचे, पण त्यांत माझं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं असेल तर केसरीनाथनं. काल्हेरच्या पलीकडे खाडीला लागून त्याचं गाव. होता तो जमिनीचा तुकडा विकून पंच्याऐंशी साली त्यानं लिलावातली जुनी जीप घेतली. माणूस सोन्यासारखा, पण ऐकायचं नाव नाही. मी सांगायचो, चारही चाकांना ताकद देणारी ती फोर-व्हील म्हणजे औषध आहे बाबा, जेवण नव्हे. चिखलात लाव, वाळूत लाव, डांबर लागलं की काढ. पालथ्या घड्यावर पाणी! हा गडी बायकोला माहेरी सोडायला निघाला तरी भर सडकेवर फोर-व्हील लावून. का, तर गाडी झकास गुरगुरते. मग वळणावर चाकं एकमेकांशी भांडायची, फोर-व्हीलचा गिअर अडकून बसायचा आणि साहेब माझ्या दारात.

खाजणात मात्र त्याच्यासारखा ड्रायव्हर नव्हता, खोटं कशाला बोलू? खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. वरून वाळलेली दिसते, आत नुसतं लोणी. अनंत चतुर्दशीला गावाचा गणपती त्याच्याच जीपमधून पाण्याच्या कडेपर्यंत जायचा, अशी रीतच पडली होती. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि मलाही आग्रहानं बोलवायचा. मी बांधावर उभा राहून बघायचो. चारही चाकांनी चिखल तुडवत गाडी वर आली की अख्खं गाव त्याच्याकडे बघायचं आणि तो माझ्याकडे.

नव्वदच्या सुमाराला त्यानं जीप नाक्यावर पॅसेंजर भरायला लावली. तिथल्या जीपवाल्यांत एक खूळ शिरलं होतं, पुढचा शाफ्ट काढून टाकायचा. शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा. तो काढला की गाडी हलकी पळते, डिझेल कमी पिते. जन्म डांबरावरच काढायचा असेल तर त्यात वावगं काही नाही. केसरीनाथनंही काढून घेतला, माझ्याकडे न येता, कारण माझ्याकडे शिव्या मिळाल्या असत्या. मला कळलं तेव्हा मी विचारलं, गणपतीला काय करशील? तर हसला. म्हणाला, त्याच्या आदी बसवू की, कुठं पलून चाललाय तो. पुढच्या गणपतीला पाऊस कमी होता, जमीन कडक होती, तसंच निभावलं. मग तो विषयच त्याच्या डोक्यातून गेला.

त्यानंतरच्या भादव्यात पावसानं नुसतं झोडपलं. उधाण दुपारचं होतं, म्हणून मिरवणूक सकाळीच निघाली. जीप खाली उतरली, आरती झाली, देव पाण्यात गेला आणि गाडी निघेना. मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करत होती. पुढची गप्प. माणसांनी धक्के मारले, फळ्या टाकल्या, दोर लावून ओढलं, तर माणसंच मांडीपर्यंत रुतली. कुणी म्हणालं ट्रक आणा. ट्रक उतरला असता तर त्याला काढायला दुसरा ट्रक लागला असता. आणि पाणी चढायला लागलं. भरती काय कुणाला विचारून येते? जमीन आधीच गेलेली, आता पोट भरायला ही एक जीपच उरली होती त्याला.

तेवढ्यात त्याची बायको हौसा बांधावरून धावत आली. डोक्यावर शाफ्ट. घरच्या माळ्यावरून एकटीनं उतरवून आणला होता. माझ्यासमोर ठेवला आणि धापा टाकत म्हणाली, "भाय, बसवा ना. तुमाला येतं ना."

येत होतं की! झोपेत बसवला असता मी. पण तो बसवायला गाडीच्या खाली शिरावं लागतं आणि गाडीच्या खाली आता खाडी होती. मी तिला तसं सांगितलं. तिला कळलं, तरी ती माझ्या हातांकडेच बघत राहिली. या अल्ला, इतकं निकामी मला कधी वाटलं नव्हतं.

केसरीनाथ सीट सोडायला तयार नव्हता. गावातल्या वडीलधाऱ्या दाजींनी हाका मारल्या, शिव्या घातल्या, शेवटी हात जोडले. मग मीच कमरेएवढ्या पाण्यातून त्याच्यापाशी गेलो. इस्त्रीचा शर्ट चिखलानं भरला होता. इंजिन अजून कसंबसं धडधडत होतं. त्यानं सीटजवळचा फोर-व्हीलचा गिअर पुढे ढकलला. तो सरळ आत गेला, एवढ्या वर्षांत कधी गेला नव्हता इतका अलगद. केसरीनाथनं माझ्याकडे बघितलं.

"लागला, हारूनभाय," तो म्हणाला. "बग, लागला."

पुढच्या चाकाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"हो रे, लागला," मी म्हटलं. "चल, उतर आता."