पुढल्या पाळीचं माणूस

थंडी ओसरू लागली की जळगावच्या हवेला सरकीचा तेलकट, किंचित कडवट वास येतो. परवा पिंप्राळ्याच्या रस्त्यावर माझ्या स्कूटरपुढे कापसाने भरलेला ट्रॅक्टर चालला होता. ताडपत्रीच्या फटीतून सुटलेली बारीक लव उन्हात तरंगत येत होती, बाहीवर, चष्म्याच्या काचेवर बसत होती. मी ती झटकली नाही. गाडी कडेला घेतली आणि ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत थांबले. भरदुपारी, माणसांनी गजबजलेल्या त्या रस्त्यावर माझ्या अंगावर काटा आला होता. कापूस पाहून शहारणारी अख्ख्या खानदेशात मी एकटीच असेन.

माझे वडील धुळ्याच्या एका गिरणीत साच्यावर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. साचा म्हणजे सूत कातणारं लांबलचक यंत्र. त्याच्यापुढून येरझारा घालायच्या, आणि धागा तुटला की फिरत्या यंत्रात बोटं घालून तो सांधायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांची चिमूट कायम अर्धवट मिटलेली असे, जेवताना, झोपेतसुद्धा. आणि ते मोठ्याने बोलत. गिरणीतली सगळीच माणसं मोठ्याने बोलत, कारण त्या घरघरीत त्यांचे कान कधीच निकामी झालेले असत. आमच्या गल्लीत कुणी कुणाशी हळू बोलतंय हे ऐकूच यायचं नाही. मला लहानपणी वाटे, मोठं झालं की माणसाचा आवाज असाच होतो.

दहावीनंतर मी डिप्लोमासाठी जळगावला वसतिगृहात आले, त्याच पावसाळ्यात गिरणी बंद पडली. देशाचा बाजार आता जगाला खुला झाला, असं तेव्हा वर्तमानपत्रांत येत असे. मी घरी होते तोवर नाना ती बातमी मोठ्याने वाचून दाखवत आणि अर्थ मला विचारत. मला तो सांगता येत नसे. जळगावला आल्यावर तर मला माझ्या वर्गातलंही काही सांगता आलं नसतं. सगळी शाळा मराठीतून शिकलेली मी. इथे फळ्यावरच्या इंग्रजी ओळी डोळ्यांसमोरून पाण्यासारख्या वाहून जात. ज्या गणितात मी शाळेत पहिली येत असे, तेच गणित आता ओळख न दाखवता शेजारून निघून जाई. दिवाळीच्या सुटीत मी घरी आले ती परत जायचं नाही असं ठरवूनच.

घरी पाहते तो नाना रोजच्यासारखे सकाळी डबा घेऊन निघाले. खाकी पँट, सदरा, खांद्यावर पंचा. मी आईकडे पाहिलं.

"गिरणी तर बंद शे ना?"

"जाऊ दे त्यास्ले," आई चुलीकडे तोंड करून म्हणाली. "घरमा बठीसन काय करतीन?"

कॉलेज सोडल्याचं मी तिला सांगितलं; नानांना ते मीच सांगावं, असं तिचं म्हणणं पडलं. म्हणून दुपारी मी गिरणीकडे गेले. पहारेकरी ओळखीचा होता. त्याने छोटं दार ढकलून दिलं आणि दुसरीकडे पाहत उभा राहिला.

आत यंत्रं नव्हती. ती भंगारात गेली होती. एवढ्या लांबरुंद शेडमध्ये जमिनीतून वर आलेले गंजके बोल्ट आणि जिथे साचे होते तिथे तेलाचे काळे डाग, एवढंच उरलं होतं. छताच्या काचांतून ऊन उतरत होतं आणि त्यात कापसाची लव अजून तरंगत होती; कुठून सुटत होती कोण जाणे. त्या काळ्या डागांमधल्या वाटांवरून माणसं चालत होती. आमच्याच गल्लीतली, माझ्या ओळखीची. प्रत्येकजण आपापल्या वाटेने शेवटापर्यंत जाई, वळे, परत येई. मध्येच थांबून वाके, रिकाम्या हवेत चिमूट नेई, बोटं चोळी, पुढे जाई. कुणी हसत नव्हतं. वेड लागल्याची नजर कुणाचीच नव्हती. एकजण दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, जणू मध्ये केवढी घरघर चालली होती. त्या शांततेत तो आवाज छताला जाऊन आदळला आणि मी दाराशीच खाली बसले.

नाना माझ्यासमोरून गेले. मला त्यांनी पाहिलं, मान हलवली. थांबले नाहीत.

मग नानांच्या शेजारच्या वाटेवरचे चाचा माझ्याकडे आले. त्यांनी डब्यातली भाकरी मोडून मला दिली आणि माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "पढ बेटी. जोर से पढ. इधर सब ऊंचा सुनते."

का कोण जाणे, मी वाचू लागले. पुस्तक इंग्रजी, अडखळणारी मी, आणि प्रत्येक ओळ त्या पोकळीतून फिरून माझ्याकडे परत येत होती. वसतिगृहात मी ओठ मिटून वाचायचे, कुणी हसेल म्हणून. इथे हसणारं कुणी नव्हतं. परत आलेली ओळ मी पुन्हा म्हणे, आणि दुसऱ्यांदा ती कमी परकी वाटे. दुसऱ्या दिवशीही मी गेले. सुटी संपेपर्यंत जात राहिले. मोठमोठे शब्द मी त्या चालत्या माणसांमध्ये ओरडून पाठ केले, आणि सुटी संपली तेव्हा जळगावची बस धरली. कॉलेज सोडल्याचं नानांना सांगायचं राहूनच गेलं.

पुढे दर खेपेला आले की माणसं कमी झालेली असत. कुणाला शेतावर बोलावणं आलं, कुणी भाजीची गाडी लावली, चाचा सुरतेला यंत्रमागावर गेले. गेलेल्याची वाट तशीच मोकळी राही. उरलेल्यांपैकी कुणी तिच्यावर पाय ठेवत नसे. उन्हाळ्यात आले तेव्हा नाना एकटेच होते. पहारेकरी म्हणाला, छप्पर उतरवायची माणसं येणार आहेत, आता यांना घेऊन जा.

मी आत जाऊन नानांचा हात धरला. "चला ना घर. का बरं थांबनात तुम्ही?"

ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "त्या दिवशी मधमाच भोंगा वाजना, पोरी. पुढली पाळीना माणूस उनाच नही. साचा सोडीसन कसा जाऊ?"

एवढंच होतं ते: भोंगा मध्येच वाजला होता आणि पुढल्या पाळीचं माणूस आलंच नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय त्यांनी साचा सोडला नव्हता. मी पुस्तकांची पिशवी भिंतीशी ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि त्यांच्या वाटेवर उभी राहिले.

"नाना, पुढली पाळी मनी शे. तुम्ही जा."

त्यांनी मला निरखलं. खांद्यावरचा पंचा झटकला. टोकाकडे बोट करून म्हणाले, "तठला धागा कच्चा शे. ध्यान ठेव." आणि डबा उचलून सरळ दाराबाहेर गेले. मागे न पाहता.

त्यानंतर त्यांनी गिरणीचं नाव काढलं नाही. गल्लीतल्याच पिठाच्या चक्कीवर कामाला लागले, पुष्कळ वर्षं जगले, नातवंडांवर ओरडले. मी डिप्लोमा केला, शिकवू लागले. पुढे संसारातून एकटी बाहेर पडले. विद्यार्थी मिळेनात म्हणून कॉलेजातली आमची शाखा बंद झाली तेव्हा दुसरं काम शोधलं. जुनं संपताना आता कुणी समोर येऊन 'तू जा' म्हणत नाही. आपणच किल्ली ठेवून निघायचं असतं, हे मी शिकले.

पण त्या उन्हाळ्यातल्या दुपारचं मी कुणाला सांगितलेलं नाही. नाना दाराबाहेर गेल्यावर मी लगेच निघणार होते. तरी त्यांनी दाखवलेल्या टोकापर्यंत चालत गेले, वाकले आणि चिमूट पुढे केली. बोटांत काहीतरी ताणलं गेलं, बारीक, कोमट, आणि तुटलं. मी ते सांधलं. कसं, ते मला ठाऊक नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं. मग पिशवी घेऊन दाराकडे चालू लागले, तेव्हा पाठीमागे, त्या रिकाम्या वाटेवर, कुणाची तरी पावलं टोकापर्यंत जाऊन वळली. मी थांबले नाही.