इंटरनेट बंद, खिडकी उघडी

सोसायटीच्या टँकरचे पैसे वडिलांनी खाल्ले, अशी कुजबुज सुरू झाली आणि बघता बघता ती पार्किंगमध्ये उघड बोलली जाऊ लागली. वडील आमच्या सोसायटीचे खजिनदार. संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे टँकर आणि टँकरवरून भांडण दोन्ही आमच्याकडे नेमानं येतात. पण वडिलांना ते लागलं. त्यांचं जेवण कमी झालं. रविवारी गच्चीवर सभा होती. तिथं हिशेब मांडायचा, ज्याला विचारायचं त्यानं विचारावं आणि आपण तोंडावर उत्तर द्यावं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं.

मी चितेगावच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. म्हणून सोसायटीचं पीडीएफमधलं बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये काढून टँकरचा खर्च वेगळा करायचं काम माझ्यावर आलं. मी म्हटलं, एक वेबसाइट आहे, फाइल टाकली की लगेच एक्सेल तयार. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराची किल्ली पानटपरीवर ठेवायला निघाले होते. त्या स्टेटमेंटमध्ये मेंटेनन्स कुणी भरला आणि कुणी नाही, सगळं दिसत होतं. पार्किंगमध्ये ज्यांचा आवाज सगळ्यांत मोठा, त्यांचाच मेंटेनन्स सगळ्यांत जास्त थकलेला.

"त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाय," वडील म्हणाले. "मला फक्त माझी वाचवायची हाय."

मला तर ती चव्हाट्यावर आणावीशीच वाटत होती, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

शेवटी फाइल माझ्या लॅपटॉपवरच, इंटरनेट न वापरता उघडायची ठरली. एक्सेलमध्ये तशी सोय असते. मी वायफाय बंद केलं, पण पडद्यावरच्या त्या बारक्या खुणेवर वडिलांचा विश्वास बसेना. त्यांनी एक्स्टेन्शन बोर्डाचं बटणच दाबलं. राउटर बंद पडला आणि त्याच बोर्डावरचा टेबलफॅनही. मे महिन्यातली दुपार. जीव कासावीस झाला म्हणून मी खिडकी उघडली. ती खिडकी इमारतीच्या मधल्या मोकळ्या डक्टमध्ये उघडते, आणि सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरंही त्याच डक्टमध्ये उघडतात.

एक्सेल निघालं, पण रकाने सरकले होते. जमेच्या रकमा खर्चात जाऊन बसलेल्या, तारखा भलतीकडेच. मग वडिलांनी आपली जुनी रीत काढली. एकानं छापील कागदावरून वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर जुळवायचं. आईला कमी ऐकू येतं, आणि तिला वगळून घरात काही चाललेलं तिला खपत नाही. त्यामुळे वडील वाचत होते ते कन्नड तालुक्यातल्या आमच्या शेतात या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसं. फ्लॅट नंबर, तारीख, रक्कम. मग टँकर, तारीख, रक्कम. आई मध्येच थांबवायची. "अन् तिसऱ्या मजल्यावरल्यांचं? ह्या महिन्यात बी नाय?"

"नाय," वडील तेवढ्याच मोठ्यानं सांगायचे. "पण कुणाला बोलू नको."

संध्याकाळी सगळं जुळलं. टँकरचा पैसा न् पैसा जागेवर होता. दूध आणायला उतरले, तर जिन्यात खालच्या काकू भेटल्या आणि म्हणाल्या, किती बारकाईनं हिशेब ठेवतात गं तुझे वडील. वर आले ती आधी डक्टकडची खिडकी लावली.

रविवारी वडील इस्त्रीचा सदरा घालून, प्रत्येकासाठी प्रत काढून गच्चीवर गेले. सेक्रेटरींनी विचारलं, हिशेबावर कुणाला काही बोलायचंय का? सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. बोलायला तोंड उघडावं तर आपली थकबाकी निघेल, हे एव्हाना सगळ्या मजल्यांना ठाऊक झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ घाईघाईनं मंजूर म्हणाले आणि पुन्हा खजिनदार म्हणून वडिलांचं नावही त्यांनीच सुचवलं. टाळ्या झाल्या, चहा आला, विषय गाड्या लावण्यावर गेला. प्रती कुणी हातातही घेतल्या नाहीत. मला संताप आला होता, आणि वडील उठायलाच तयार नव्हते. कुणीतरी विचारेल म्हणून ते चहा संपेपर्यंत थांबले.

घरी आल्यावर आई म्हणाली, झालं ना मनासारखं, कळलं ना समद्यांना.

वडील गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते.

"कळलं," ते म्हणाले. "चोर म्हणले तवा समद्यांच्या देखत म्हणले. चोर नाय म्हणायच्या वक्ताला मात्र एकाला बी तोंड नव्हतं."