सातव्या मजल्यावरच्या उवा

शाळेची तिसरी चिठ्ठी आली तेव्हा मी किचनच्या ओट्याला टेकून मटकन खाली बसले. छापील मजकूर मला आता पाठ होता : आपल्या पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. या खेपेस टीचरने खाली लाल पेनाने एक ओळ वाढवली होती. डोकं स्वच्छ होईपर्यंत मुलीला शाळेत पाठवू नये.

मुलगी तिसरीत होती. दीड महिना मी तिच्या डोक्याशी झगडत होते. मेडिकलमधलं औषध झालं, खोबरेल तेलात कापूर झाला. ऑफिसातून आले की पर्स फेकायची, तिला गुडघ्यांत धरायची आणि बारीक फणी घेऊन बसायची. पांढऱ्या कागदावर पडलेली एकेक ऊ नखावर नख ठेवून चिरडायची. आठवडाभर डोकं साफ दिसायचं, मग कानामागे पुन्हा लिखा. तिने मान हलवली की मी तिलाच धपाटे घालायचे आणि झोपताना तिला कुशीत घेऊन रडायचे. माझंही डोकं खाजायचं. दिवसभर उवाच बघितल्यावर तसं वाटणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

खरं तर पहिली चिठ्ठी आली तेव्हाच उपाय कळला होता. घाटकोपरच्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमच्या दारासमोर एका नर्सबाईंचं दार आहे. त्यांची मुलगी आणि माझी एकाच वर्गात, एकाच बाकावर. त्या म्हणाल्या होत्या, "ताई, हिला एकटीला लावून काय होणार नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा. ज्याला ज्याला असतील त्याने एकाच दिवशी औषध लावायचं आणि आठवड्याने परत लावायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांची म्हणजे माझंही? दर रविवारी शिकेकाईने न्हाणाऱ्या बाईला ही असं सांगते?

"माझ्या डोक्यात काही नाही हो," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

सासूबाई आतून ऐकत होत्या. "त्यांच्या चेडवाकडसून इल्यो. दुसऱ्यो खयसून येतल्यो?"

आमचं घर मालवणकडचं, देव्हाऱ्यात गणपती. नर्सबाईंचं बौद्ध घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. 'त्यांच्या मुलीकडून आल्या' म्हणताना सासूबाईंच्या 'त्यांच्या' या शब्दात काय काय भरलेलं होतं ते मला चांगलं कळत होतं. मी त्यांना गप्प केलं नाही. उलट मला बरंच वाटलं, कारण दोष ठेवायला एक जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मुली दप्तरं घेऊन पॅसेजमध्ये उभ्या असताना, नर्सबाईंच्या देखत, मी माझ्या मुलीला म्हणाले, "हिच्याजवळ बसायचं नाही यापुढे. कळलं ना?"

नर्सबाईंच्या मुलीच्या कमरेपर्यंत आलेल्या दोन वेण्या होत्या, लाल रिबिनीच्या. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती आईच्या मागे सरकली. त्यानंतर दोन्ही मुली शाळेत एकेकट्या जायला लागल्या आणि माझी मुलगी संध्याकाळी घरी येऊन कोणाशी बोलेनाशी झाली. मीही समोरच्यांच्या वेळा चुकवूनच ये-जा करायचे.

तिसऱ्या चिठ्ठीनंतरच्या रविवारी माझा धीर सुटला. सोमवारपासून परीक्षा होती. सासूबाईंनी गावाहून आणलेल्या सीताफळाच्या बिया काढल्या. "आमच्या वेळेक ह्याच औषध होता." मी त्या मिक्सरमधून काढल्या, पूड तेलात कालवून पोरीच्या डोक्याला चोपडली आणि बाथरूममध्ये बसवून धुवायला घेतलं. पाणी डोळ्यांत गेलं. ती अशी किंचाळली की माझ्या हातातला तांब्या पडला. डोळा उघडेचना. मी टॉवेलसकट तिला उचललं आणि समोरचं दार बडवलं. मागचं काही आठवायला वेळच नव्हता.

दार नर्सबाईंच्या मुलीने उघडलं. मला आधी ती ओळखूच आली नाही. वेण्या गेल्या होत्या, केस कानाच्याही वर कापलेले.

नर्सबाईंनी एक अक्षर न विचारता पोरीला मोरीत नेलं, पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि कितीतरी वेळ नळाखाली डोळा धुतला. "या बिया विषारी असतात हो. डोळा जातो माणसाचा. चला, डॉक्टरकडे, मी येते." आणि त्या आल्या, आपल्या मुलीलाही घेऊन आल्या.

डोळा वाचला. डॉक्टरांनी पट्टी बांधली, औषधाचे थेंब आणायला सांगितले आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या.

"किती वेळ खाजवताय तुम्ही? मान खाली करा जरा."

मी केली. त्यांनी माझ्या कानामागचे केस बाजूला केले, मग मानेवरचे. नंतर माझ्या कानाशी वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, "भरपूर आहेत. जुन्या आहेत."

म्हणजे दीड महिना मी पोरीचं डोकं साफ करत होते आणि तिला कुशीत घेऊन पुन्हा भरत होते. जमिनीने दुभंगून मला पोटात घेतलं तर बरं, असं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्या मुलीलाही झाल्या होत्या का?"

"नाही. एकही नाही."

"मग केस का कापलेत?"

त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "तुम्ही पॅसेजमध्ये बोललात ना, त्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनेच कात्री आणून दिली. म्हणाली, काप मम्मी. केस नसले की बसू देतील जवळ."

ती मुलगी भिंतीपाशी उभी होती. माझ्या मुलीने पट्टी नसलेल्या डोळ्याने तिला पाहिलं, बाकावर सरकून जागा केली आणि शेजारी हात आपटला, "ये ना गं."

ती लगेच बसली नाही. आधी तिने माझ्याकडे बघितलं.