तंबूतला स्टोव्ह
रॉकेलचा वास आला की साठ सालच्या सुमाराची चिखलदऱ्याची थंडी आठवते. आमच्या कॉलेजच्या मुलींची सहल तिथं तंबूत उतरली होती. सकाळी बोटं गारठली, म्हणून मी स्टोव्ह तंबूतच घेतला, पडदा बांधला आणि बर्नर तापायच्या आतच पंप मारला. भडका थेट कनातीला लागला. परतवाड्याहून आलेल्या स्वयंपाकाच्या मावशींनी धावत येऊन ओलं पोतं टाकलं. "काहून वं पोरी, जळून मरतं काय? चाल बाहीर, मी आडोसा करतो!" वाऱ्याकडे पाठ करून त्या बसल्या आणि माझ्याच हातून स्टोव्ह पुन्हा पेटवून घेतला. निळी ज्योत धरली, तेव्हा कुठे त्या उठल्या. सहलीबरोबर आलेल्या आमच्या कॉलेजच्या बाईंनी जळकी कनात पाहून जाब विचारला, तर मावशी म्हणाल्या, "माह्या हातून झालं." आज मी तेव्हाच्या त्यांच्याहूनही मोठी आहे; पण त्या दिवशी मी गप्प राहिले, याची अजून लाज वाटते.